मूल 'मुक्त' होतं म्हणजे काय? बालगृहापासून दत्तक आदेशापर्यंत

आमची मुलगी घरी आली तेव्हा सात वर्षांची होती. आता दहाची आहे. ती आल्यापासून ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येतात, आणि जवळपास प्रत्येक फोनमध्ये एक प्रश्न असतोच: "बालगृहं तर भरलेली असतात म्हणे, मग आमचा नंबर लागायला तीन-तीन वर्षं का लागतात?"

प्रश्न रास्त आहे. देशभरात नोंदणी करून थांबलेले पालक तीस हजारांच्या वर आहेत. २०२४-२५ या वर्षात केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत, म्हणजे सगळे ज्याला 'कारा' म्हणतात त्याच्यामार्फत, ४,५१५ मुलं दत्तक गेली, आणि हा आकडाही गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत मोठा आहे. दत्तक देण्यात महाराष्ट्र वर्षानुवर्षं पुढे असूनही इथल्या पालकांना तितकंच थांबावं लागतं.

याचं कारण असं की बालगृहात असलेलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. ते आधी कायद्याने 'मुक्त' व्हावं लागतं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला विचित्र वाटला होता. मूल कशातून मुक्त व्हायचं? तर आधीच्या नात्यातून. त्या मुलाला आई असेल, काका असेल, आजी असेल. ते नातं खरोखर संपलं आहे, किंवा त्यांनी समजून-उमजून सोडलं आहे, याची खात्री सरकारने केल्याशिवाय त्या मुलावर दुसऱ्या कुणाचं नाव लावता येत नाही. लावूही नये. वाट बघताना आम्हालाही हे अवघड गेलं, पण एखाद्या जत्रेत हात सुटलेलं लेकरू परस्पर दुसऱ्याच्या घरी गेलं तर काय, एवढा विचार केला की पटतं.

मुलांसाठीचा मुख्य कायदा म्हणजे २०१५ चा बाल न्याय अधिनियम. जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. निराधार, हरवलेलं, सोडून दिलेलं, घरात छळ होणारं कोणतंही मूल पोलिसांना, १०९८ या हेल्पलाइनला किंवा कुणा सजग माणसाला सापडलं, की त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते: एक अध्यक्ष आणि चार सदस्य. मूल कुठे ठेवायचं, घरी परत पाठवायचं का, हे सगळं तीच ठरवते. दत्तकाच्या सगळ्या प्रवासात पालकांचं लक्ष असतं 'कारा'च्या पोर्टलकडे, पण खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी या समितीच्या खोलीत झालेला असतो.

मूल मुक्त ठरण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली अनाथ मुलांची: आई-वडील नाहीत, सांभाळायला तयार असं कुणी नाही. दुसरी सोडून दिलेल्या मुलांची. अशा मुलाची माहिती फोटोसह वृत्तपत्रात द्यावी लागते, हरवलेल्या मुलांच्या नोंदी तपासाव्या लागतात, पोलिसांचा अहवाल घ्यावा लागतो. एवढा शोध घेऊनही कुणी पुढे आलं नाही, तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाला चार महिन्यांत मुक्त घोषित करायचं असतं. त्या घोषणेवर समितीच्या तीन सदस्यांचा निर्णय लागतो.

तिसरी वाट स्वेच्छेने मूल स्वाधीन करणाऱ्या आईची. हिच्याबद्दल लोक फार कठोर बोलतात, म्हणून इथे थोडं थांबते. कुमारी माता असेल, बलात्कारातून गर्भ राहिलेली मुलगी असेल, नवरा गेल्यावर कुणाचाच आधार नसलेली बाई असेल. तिला समितीपुढे येऊन, समुपदेशन घेऊन, लेखी देता येतं. त्यानंतर साठ दिवस तिच्या हातात असतात. या साठ दिवसांत तिने मन बदललं तर मूल तिचं. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं ते अशाच स्त्रियांसाठी, आणि पुढे त्यांनी ज्या यशवंतला दत्तक घेतलं तो अशाच एका विधवेचा मुलगा. तिला कुणी जाब विचारू नये आणि मूल जगावं, ही तिथली दृष्टी आजच्या कायद्यात साठ दिवसांच्या रूपात उरली आहे, असं मला वाटतं.

आता बालगृहातली बाकीची मुलं. यातल्या पुष्कळांना कुणीतरी असतं. वडील व्यसनी, आई मनोरुग्णालयात, किंवा मामा वर्षातून एकदा दिवाळीला येतो आणि खाऊ देऊन जातो. मामा मूल घरी नेत नाही आणि सोडतही नाही. कागदावर नातं जिवंत, म्हणून मूल मुक्त नाही. ते तिथेच मोठं होतं, अठरा वर्षांचं झालं की बाहेर पडतं. आमची लेक तिसऱ्या वर्षापासून बालगृहात होती. ती मुक्त ठरली तेव्हा साडेसहा वर्षांची झाली होती. मधल्या साडेतीन वर्षांत तिला भेटायला एकदाही कुणी आलं नव्हतं. फाइल मात्र हलली नव्हती. चार महिन्यांचं काम साडेतीन वर्षं का लांबलं, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाळ म्हणून तिला घर मिळणं सोपं होतं. सात वर्षांच्या मुलीसाठी रांग जवळपास नसतेच.

हा एकट्या आमच्या जिल्ह्याचा प्रश्न नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की दर दोन महिन्यांनी बालगृहांमध्ये मोहीम घ्या, अनाथ, सोडून दिलेली आणि स्वाधीन केलेली मुलं शोधा, त्यांच्या नोंदी 'कारा'च्या पोर्टलवर आणा. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत कामाचा आदेश आहे. पालकांची रांग आपोआप कमी होत नाही. फायली हलल्या तरच मुलं पुढे येतात.

ज्यांना कुणीतरी आहे पण घर नाही, त्या मुलांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे: प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर. मूल समितीच्या आदेशाने एखाद्या कुटुंबात राहतं, शाळेत जातं, त्या घरातलं होऊन जगतं, पण कायद्याने ते त्या कुटुंबाचं होत नाही. आडनाव बदलत नाही, वारसा मिळत नाही, आणि समितीने या घराची दरमहा पाहणी करायची असते. भावंडं शक्यतो वेगळी करायची नाहीत, असंही कायदा सांगतो. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत अशा मुलासाठी महिना ४,००० रुपये मिळतात.

इथे शब्दांचे घोळ होतात. दत्तक प्रक्रियेत मूल आदेशाआधी नव्या पालकांच्या घरी राहायला येतं, त्यालाही 'दत्तकपूर्व फॉस्टर केअर' म्हणतात. ते थोड्या महिन्यांचं असतं आणि त्याचा शेवट दत्तकातच व्हायचा असतो. वर सांगितलेली सोय वेगळी, ती वर्षानुवर्षं चालू शकते. आणि आपल्याकडची 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' हा तिसराच प्रकार. त्यात महिना २,२५० रुपये मिळतात, आणि बहुतेक वेळा ते मुलाच्या स्वतःच्या घरच्यांना, एकट्या आईला किंवा आजी-आजोबांना, मूल घरातच राहावं म्हणून. माझ्या एका मैत्रिणीला तालुक्याच्या गावी कुणीतरी सांगितलं होतं की बालसंगोपनात नाव घाला, दोन वर्षांनी मूल तुमचं होतं. तसं होत नाही.

तरीही प्रतिपालकत्वातून दत्तकाकडे जाणारी एक वाट खरोखर आहे, आणि ती अलीकडे रुंद झाली आहे. २०२४ मध्ये केंद्राने फॉस्टर केअरची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पूर्वी विवाहित जोडप्यांनाच मूल सांभाळायला मिळायचं. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही मिळतं, वय ३५ ते ६० मध्ये असेल तर. (एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. दत्तकातही हाच नियम आहे.) दत्तक मागण्यासाठी पूर्वी मूल पाच वर्षं सोबत असावं लागायचं, आता दोन वर्षं पुरतात. पण मधली अट तीच: या काळात मूल मुक्त ठरलं पाहिजे. ठरलं, तर त्याला आधीपासून सांभाळणाऱ्या कुटुंबाला प्राधान्य. नोंदणी, चौकशी, आदेश हे त्यांनाही चुकत नाही. आणि जे मूल आधीच मुक्त ठरलं आहे, ते लांबच्या मुदतीच्या प्रतिपालकत्वासाठी देताच येत नाही. त्याला कायमचं घरच शोधायचं. सहा वर्षांवरच्या मुलांसाठी ही वाट फार मोलाची आहे, आणि महाराष्ट्रात ती चोखाळणारी कुटुंबं अजून मोजकीच भेटतात.

आता पालकांची बाजू. दत्तक घेणारी व्यक्ती कोणत्याही धर्माची असू शकते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. जोडप्याचं लग्न होऊन स्थिर अशी किमान दोन वर्षं झालेली असावीत आणि दोघांची संमती हवी. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. वयाची वरची मर्यादा जोडप्याची मिळून मोजतात: दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० च्या आत. एकट्या पालकासाठी हेच आकडे ४० आणि ५०. ज्यांची स्वतःची दोन मुलं आहेत, त्यांना फक्त विशेष गरजा असलेलं किंवा सहसा घर न मिळणारं मूल दत्तक घेता येतं.

एकट्या बायकांनी मला घाबरत विचारलेलं असतं: नोकरी करते, मिळेल का? मिळतं. भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीची मुलगी दत्तक घ्यायला नकार दिला होता, कारण ती नोकरी करते म्हणून मुलीकडे लक्ष देऊ शकणार नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि नोकरी करणाऱ्या एकट्या आईला नाकारणारी ही समजूत मध्ययुगीन असल्याचं म्हटलं.

नोंदणी 'कारा'च्या पोर्टलवर स्वतःच करायची. पॅनकार्ड, उत्पन्नाचे पुरावे, वैद्यकीय दाखले, लग्नाचा दाखला, फोटो. एजंट लागत नाही, आणि "लवकर नंबर लावून देतो" म्हणणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतो आहे, असंच समजा. ज्येष्ठता नोंदणी पूर्ण झाल्याच्या तारखेवरून लागते आणि पोर्टलवर दिसते.

मग होम स्टडी. जवळच्या विशेष दत्तक संस्थेची (म्हणजे मुलं दत्तक देण्याची मान्यता असलेल्या संस्थेची) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाची समाजसेविका घरी येते. मी आदल्या दिवशी पडदे धुतले, पितळेची भांडी घासली. मॅडम आल्या, त्यांनी पडद्यांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सासूबाईंशेजारी जाऊन बसल्या आणि विचारलं, "आजी, नात येणार म्हणून काय वाटतंय?" सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, "तिची आधीची आई कुणी असेल, तिला कधी आठवलं तर आम्ही काय सांगायचं?" मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि अर्धा तास फक्त त्यांच्याशी बोलल्या. घरातल्या प्रत्येकाला काय वाटतं, भांडणं कशी मिटतात, मूल होत नाही याचं दुःख पचलं आहे का, नातेवाईक काय म्हणतील आणि तेव्हा तुम्ही काय म्हणाल, हे सगळं त्यांना हवं असतं. खोटं बोलू नका. "आम्ही दोघं कधीच भांडत नाही" यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हा अहवाल तीन वर्षं चालतो.

नंबर आला की पोर्टलवर मुलाचा फोटो, सामाजिक अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. यालाच सगळे 'रेफरल' म्हणतात. अठ्ठेचाळीस तासांत हो म्हणून मूल राखून ठेवायचं असतं. हा वेळ अपुरा वाटेल. म्हणून रेफरलची वाट बघतानाच एखादे बालरोगतज्ज्ञ ठरवून ठेवा, जे रात्री नऊलाही अहवाल वाचून देतील. त्यानंतर संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, त्या संस्थेच्या दत्तक समितीने तुमची आणि मुलाची सांगड घालायची. ज्यांना पहिल्या फेरीत घर मिळत नाही, अशी मुलं पोर्टलवर सात दिवसांसाठी ज्येष्ठता न बघता सगळ्या पालकांना दिसतात. मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, आजार असलेली मुलं. आमची लेक अशीच दिसली. पाच वर्षांहून मोठ्या मुलाची संमतीही लागते. तिला विचारलं गेलं. तिने आधी विचारलं, "यांच्याकडे कुत्रं आहे का?" आमच्याकडे नव्हतं. मग बराच वेळ विचार करून हो म्हणाली.

पसंती झाल्यावर मूल दत्तकपूर्व सांभाळासाठी घरी येतं आणि संस्था आदेशासाठी अर्ज करते. पूर्वी हा आदेश न्यायालय द्यायचं. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, १ सप्टेंबर २०२२ पासून. न्यायालयात प्रकरणं साचायची म्हणून हा बदल केला गेला. पण नात्याचा, वारशाचा प्रश्न महसुली अधिकाऱ्याने सोडवावा का, यावर वाद झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडची प्रलंबित प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू नयेत असा अंतरिम आदेश दिला. नव्या प्रकरणांत कलेक्टर ऑफिस गाठावं लागतं. सुनावणी बंद खोलीत होते, दोन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आदेश झाला की मूल सर्वार्थाने तुमचं होतं: आडनाव, वारसा, सगळं. जन्मदाखलाही नवा मिळतो, त्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं असतात. आधीच्या कुटुंबाशी कायद्याचं नातं संपतं. मुलाच्या नावावर आधीच काही मालमत्ता असेल तर ती मात्र त्याचीच राहते.

पुष्कळ जण मध्येच विचारतात: एवढं कशाला, ओळखीतलं मूल घेऊन दत्तकपत्र करून टाकलं तर? १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आजही आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांत, मुलाच्या जन्मदात्यांनी स्वतः दिलेलं मूल त्याखाली घेता येतं, मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं, मुलगा घ्यायचा तर आपल्याला मुलगा नसावा, आणि पैशांची देवाणघेवाण चालत नाही. दिराने भावाला मूल दिलं, अशा घरगुती दत्तकात तो ठीक आहे. पण दवाखान्यातली कुणी नर्स, कुणी मध्यस्थ "बाळ आहे, स्टँपपेपरवर करून देतो" म्हणत असेल, तर ते दत्तक नाही. अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल प्रक्रिया टाळून घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाची विक्री असेल तर शिक्षा त्याहून मोठी. आणि घरात आलेलं, तुम्हाला आई म्हणू लागलेलं मूल पोलीस घेऊन जातात. त्या मुलाचं दुसऱ्यांदा घर सुटतं.

मूल दत्तकपूर्व सांभाळासाठी घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटायला येते. मोठ्या मुलांच्या घरी या भेटी खरोखर लागतात. पहिल्या वर्षी आमची लेक जेवताना दोन पोळ्या फ्रॉकच्या खिशात ठेवायची, रात्री उठून त्या आहेत ना बघायची. रागावली की "मला परत सोडा" म्हणायची, आणि आम्ही सोडतो का ते बघायची. हे बहुतेक मोठ्या मुलांच्या बाबतीत होतं, हे मला दुसऱ्या भेटीत मॅडमनी सांगितलं. ते आधी माहीत असतं तर मी कमी रडले असते. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते.

तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. तिची ओळख उघड होऊ नये, हे कायद्यालाही हवं आहे आणि तिलाही. तिची जुनी फाइल संस्थेत जपून ठेवलेली आहे. अठरा वर्षांची झाल्यावर ती स्वतः अर्ज करून आपल्या मुळांचा शोध घेऊ शकते. त्याआधी हवा असेल तर आम्हाला सोबत अर्ज करावा लागेल. तिसऱ्या कुणाला ती माहिती मिळत नाही. हे तिला माहीत आहे. मागच्या महिन्यात भाजी निवडताना तिने विचारलं की त्या दिवशी आपण एसटीने जायचं की गाडीने, आणि आजी येणार का.